नत्थूजी रंग चुकायचे

मुलांना कोणतं खेळणं द्यावं हे विचारायला सगळी गल्ली ज्यांच्याकडे जायची ते नत्थूजी, असं म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गुबगुबीत, हसरे, खिशात लिमलेटच्या गोळ्या बाळगणारे आजोबा आले असतील. पुसून टाका. नत्थूजी काडीसारखे वाळलेले, हसायचे कमी, आणि घरात विकतचं खेळणं एकही नाही. होता एक हातमाग, दिवसभर खटक-खट करणारा.

मी उमरेडहून कॉलेजसाठी नागपूरला ताईकडे आलो. पाचपावलीत ताईच्या समोरचंच दार त्यांचं. पहिल्याच आठवड्यात मी भाचीसाठी, बेबीसाठी, सीताबर्डीच्या बाजारातून चावीचं माकड आणलं. चावी दिली की ढोल वाजवायचं. नत्थूजींनी ते पूर्ण वाजू दिलं आणि म्हणाले, "हे तर सोताच खेळून राहिलं गा. पोरगी काय करन मंग?"

त्यांचा तो नाकातला आवाज मी संध्याकाळपर्यंत घशात बसवला आणि गल्लीला करून दाखवला.

बेबीचं दुखणं वेगळंच होतं. पाच वर्षांची झाली, घरात चुरुचुरु बोलायची, पण परकं माणूस दिसलं की तोंडाला कुलूप. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा बाईंनी एकदा परत पाठवलं होतं. पंधरा दिवसांनी आणा, तेव्हाही नाही बोलली तर पुढच्या वर्षी. ताई हवालदिल. शेजारी नवा टीव्ही आला होता, बेबी त्याच्यापुढे बसून राहायची.

"निदान रडत तरी नाही," ताई म्हणाली.

"तिले तिथून उठव वं बाई," नत्थूजी म्हणाले. "त्या डब्ब्याले कोनाचं उत्तर नाही लागत. माह्याकडे धाड."

त्यांनी फुटक्या पाटीची लाकडी चौकट घेतली, खिळे ठोकले, उभे धागे ताणले. मग उरल्यासुरल्या रंगीत सुताच्या कांड्या बेबीपुढे ओतल्या. "भावलीच्या लुगड्याची किनार हाये. रंग तू लाव." बस, एवढंच. बेबीनं ओळ लावली: राणी, हिरवा, पिवळा. तीन दिवस ती कांडी द्यायची, ते विणायचे. दोघंही मुकी. पण राणी, डाळिंबी आणि लाल तिला वेगळे दिसायला लागले. मला आजही ते सगळे लालच.

चौथ्या दिवशी नत्थूजींनी राणीच्या जागी लाल घातला. बेबीनं बाही ओढली.

"काय झालं?"

तिनं बोट दाखवलं.

"मले नाही समजून राहिलं." आणि हात मांडीवर ठेवून बसले. मी समोरच्या उंबऱ्यावर तळमळत होतो. बऱ्याच वेळानं बेबी म्हणाली, "राणी."

त्यांनी निमूटपणे धागा उसवला. त्यानंतर ते रोज चुकायचे. म्हाताऱ्याची नजर गेली असं मी ठरवून टाकलं, आणि रंग चुकणारे नत्थूजी ही माझी नवी नक्कल झाली. गल्ली पोट धरून हसायची.

शाळेच्या दिवशी ताईचा धीर होईना, म्हणून बेबीला घेऊन मी गेलो. बाईंनी फुलाचं चित्र धरलं. "याचा रंग कोणता?" बेबी गप्प. बाईंनी मान खाली घालून पेन उचललं. आता हिचं वर्ष गेलं, मला वाटलं. मी बेबीच्या बारीक आवाजात म्हणालो, "लाल."

बेबी गर्रकन वळली. "लाल नाही मामा, राणी हाये."

बाईंनी वर पाहिलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. मग बेबीचं नाव लिहून घेतलं.

पेढे घेऊन आम्ही नत्थूजींकडे गेलो. सगळा प्रसंग मी तिघांच्या आवाजात करून दाखवला. ताई हसली, बेबी हसली. नत्थूजींनी माग थांबवला.

"तिच्या जागी तू बोलला?"

"ती बोलत नव्हती नं."

"माहे डोळे ठीक हायेत गा. जलमभर किनार नाही चुकवली मी. ती बोलन म्हणून रोज चुकवून राहिलो होतो. चुकीचा धागा घालतानी जीवावर ये माह्या. अन् तुले दोन मिनिटं तोंड बंद नाही ठेवता आलं? तिनं तुले टोकलं म्हणून निभावलं. नसतं टोकलं, तर नाव तिचं लागलं असतं अन् आवाज तुहा. मंग उद्यापासून वर्गात कोन बोललं असतं, तू?"