शांताकाकूंचं पिपरमिट

शांताकाकूंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी भांडत होतो. अमरावतीच्या त्या गल्लीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि शेजारच्या वानखडेंच्या कूलरचं पाणी आमच्या पायरीवर गळत होतं. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. तेवढ्यात समोरच्या घरातून जाड चष्म्याच्या एक ठेंगण्या बाई आल्या आणि काही कळायच्या आत त्यांनी माझ्या तोंडात एक पांढरी चपटी गोळी सारली. "चावू नोको, चघय. गोयी सरेपर्यंत वानखडेभाऊ बोलतीन. मंग त्याह्यले गोयी, अन् तू बोल." मी बँकेतला अधिकारी, पण भर गल्लीत गाल फुगवून मुकाट उभा राहिलो. माझी पाळी येईपर्यंत माझे निम्मे मुद्दे विरघळले होते आणि वानखडेंनी कूलरखाली बादली आणून ठेवली होती.

काकू भातकुलीच्या दवाखान्यात सिस्टर होत्या. सुई टोचली की लेकराच्या तोंडात पिपरमिट, हा त्यांचा तिथला शिरस्ता. पुढे सुनेला घेऊन आलेल्या सासवाच जास्त बोलायला लागल्या, तशी काकूंनी त्यांनाही गोळी द्यायला सुरुवात केली, म्हणजे सुनेला आपलं दुखणं सांगता यावं. "लेकराच्या रडन्यावर जे चालते, ते सासूच्या तोंडावरबी चालते," असं त्या सांगायच्या. निवृत्तीनंतर हा इलाज विहारातल्या बैठकीपासून लग्नाच्या बोलणीपर्यंत सगळीकडे पोचला. एका पसंतीच्या कार्यक्रमात त्यांनी नवरदेवाच्या मामालाच गोळी दिली होती. पोरीला तिच्या मनाचं विचारता आलं ते त्यामुळेच, असं पोरगी अजून सांगते.

पिपरमिटाच्या बाबतीत काकू भलत्याच सोवळ्या. झगमगीत कागदातली, जाहिरातीतली गोळी त्यांना चालत नसे. "हे काय पिपरमिट हाय? तोंडात नुसता भडका होते." त्यांना लागायची ती काचेच्या बरणीतली, पिठूळ, जिभेवर हळूहळू गार होणारी. काकूंच्या घरात फ्रिज नव्हता तेव्हा वैशाखात सगळे आधी पिपरमिट चघळायचे आणि मग माठाचं पाणी प्यायचे, ही आठवण त्या इतक्या थाटात सांगत की ऐकणाऱ्याला फ्रिज घेतल्याचा पश्चात्ताप व्हावा. आता ती गोळी सहज मिळत नाही. काकू तिच्यासाठी सगळा जुना बाजार पालथा घालत आणि प्रत्येक दुकानदाराला आधी चाखायला अर्धी गोळी मोडून मागत. दुकानदार त्यांना येताना पाहून बरण्या मागे सारायचे, असं वानखडे म्हणतात. त्यात थोडा मीठमसाला असेल.

एक गोष्ट मात्र आम्हा सगळ्यांच्या ध्यानात आली होती. दुकानात चव पाहण्यापुरती सोडली, तर काकू स्वतः आता कधी गोळी तोंडात ठेवत नसत. बोलायला तोंड रिकामं लागतं ना!

मागच्या उन्हाळ्यात काकू न्हाणीत घसरून पडल्या. कमरेला मार बसला. अकोल्याच्या मुलीला, वैशालीला, त्यांनी फोनवर सांगितलं, "सगयं बरं हाय." खरं काय ते माझ्या बायकोकडून कळलं तेव्हा वैशाली दुसऱ्याच दिवशी आली. आईला कायमचं अकोल्याला न्यायचं म्हणाली. काकूंनी अकोल्याच्या उन्हापासून सुरुवात केली. मग तिथलं पाणी, मग तिथले डास, मग या गल्लीत त्यांच्यावाचून अडणारी कामं. अमरावतीत जणू बर्फच पडतो! आम्ही शेजारी त्यांच्याच बाजूने माना डोलवत होतो. काकू जायला आम्हालाही नकोच होत्या.

वैशालीने तोंड उघडलं, तशी काकूंनी सवयीने बरणी पुढे केली. वैशालीने ती हळूच बाजूला सारली.

"आई, मले गोयी नोको. मी लहानपनापासून गोयीच चघयून रायली. तू पडली अन् मले शेजारनीकडून समजलं. फोन वाजला का माह्या छातीत धस्स होते. मले झोप येत नाई, आई. हे तुले कधी सांगू मी?"

काकूंनी बरणीला झाकण लावलं. इतक्या वर्षांत आम्ही त्यांना प्रथमच गप्प बसलेलं पाहिलं. वैशाली मग बराच वेळ बोलत होती, रडत होती, आणि काकू तिचा हात धरून ऐकत होत्या. आम्ही एकेक करून उठून आलो. त्याच आठवड्यात काकू अकोल्याला गेल्या.

काकू गेल्यापासून गल्लीतली भांडणं लांबत जातात आणि कुणाचंच समाधान होत नाही. मला त्यांची फार आठवण येते. परवा कामासाठी अकोल्याला गेलो तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. वैशाली तिच्या ऑफिसातलं, मुलांचं, सासरचं, शेजारणीचं सांगत होती. चहा निवला तरी तिचं चालूच. काकू खुर्चीत पुढे वाकून ऐकत होत्या, मध्ये एक शब्द नाही. मी निघालो तेव्हा त्या काठी टेकत फाटकापर्यंत आल्या. मला वाटलं, आता उन्हाबद्दल, डासांबद्दल काहीतरी ऐकावं लागणार.

त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पोरगी लय गोड बोलते रे. मले मालूमच नोतं."