नायिकेला कल्हई नाही

त्या दुपारी आम्ही पाच जण होतो. माझी सासू, तिला सगळे जिजी म्हणायचे. माझी नणंद शेवंता, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली. माझा नवरा, ओट्यासमोर लिंबाखाली खाटेवर आमच्याकडं पाठ करून पडलेला, म्हणजे जागा. मी. आणि माझा चुलत दीर, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले. आम्ही बाया ओट्यावर बियाण्याच्या शेंगा फोडत होतो. दिराचं लग्न म्हसावदच्या पोरीशी करायचं की नाही हे त्या दुपारी ठरायचं होतं. पोरीचा बाप संध्याकाळी उत्तर घ्यायला येणार होता. दीर तिशी ओलांडून गेला होता. आजवर दाखवलेल्या सगळ्या पोरींना त्यानं चांगली आहे म्हणून नाही म्हटलं होतं. ही फारच चांगली होती, त्यामुळं आम्हाला काळजी.

माझ्या दिरासारखा निकामी शेतकरी तापीच्या अलीकडं पलीकडं झाला नाही, आणि त्याच्याइतकी लग्नं कुणी लावली नाहीत. सगळी कागदावर. तो प्रेमाच्या गोष्टी लिहायचा. सातवी फायनल पास होता, आई लहानपणीच गेलेली, जिजीनं वाढवलेला. जिजी त्याला ज्वारी राखायला माळ्यावर बसवायची, हातात गोफण द्यायची. तो गोफण मांडीखाली घेऊन बसायचा आणि लिहायचा. एका वर्षी चिमण्यांनी नदीकडचा अर्धा पट्टा खाल्ला. माझ्या नवऱ्यानं विचारलं, कुठं होतास. दीर म्हणाला, "आठेच व्हतू दादा. ती नही म्हनी ऱ्हायनी व्हती." कोण ती, असं नवऱ्यानं विचारलं नाही. त्याला माहीत होतं. पुढच्या वर्षी माळ्यावर मला बसवलं.

औताला जुंपला तर तो नायिकेचं बोलणं बैलांपाशी बोलून बघायचा. बैल चालत राहिले तर ठेवायचा, थांबले तर खोडायचा. आमचा उजवीकडचा बैल फार चोखंदळ होता, त्याच्यामुळं एक गोष्ट सबंध पावसाळा पुरली. बायांना भलतंच विचारायचा. राग आला म्हणजे हात कुठं ठेवता. माहेरची आठवण पहिल्यांदा नाकाला येते की डोळ्याला. बाया हसायच्या, मग खरोखर विचार करत बसायच्या, आणि भाजी करपायची.

त्याची एक अट होती. ज्या बाईला कुणी दोनदा बघत नाही तिलाच तो नायिका करायचा. कमळासारखे डोळे, चाफेकळीसारखं नाक, हे त्याच्याकडं मिळायचं नाही. एका गोष्टीत डोंगरातली पावरा आदिवासी पोरगी होती. शाळेचा शिपाई तिच्यावर जीव लावतो, पण ती त्याची बोली शिकायला नाही म्हणते. मग तोच तिची शिकतो, चुकीची शिकतो, आणि लग्नाची मागणी घालायला जाऊन तिच्या बापाकडं बकरी मागून येतो. दुसरीत आमच्या गल्लीतली पिठाच्या गिरणीवाली होती. अंगानं एवढी भरलेली की गिरणीच्या दारातून आडवी होऊनच आत जायची. त्यानं तिला तशीच ठेवली. तिनं गोष्ट ऐकली आणि घरी भांडायला आली. आम्हाला वाटलं, जाड लिहिलं म्हणून. ती म्हणाली, "मी जाडी शे ते शे. पन तो मानूस इतला बुटका का? मी बुटकासंगे लगीन नही करनार." दिरानं तिथंच बसून नवऱ्याची उंची वाढवली. त्यानंतर बाया आपणहून यायला लागल्या. कुणी म्हणायची, "मन्ही बी लिख, मन्हा दात पुढे शेत." कुणी नुसतीच शेंगा फोडायला बसायची आणि दोन तासांनी म्हणायची, "माले पोर नही ना, ते बी चालस का तुन्हा गोष्टमा?" तो म्हणायचा, "चालस." मग ती उठून जायची. तिला तेवढंच विचारायचं असायचं.

माझं सांगायचं तर मला लहानपणी देवी आल्या. तोंडभर वण राहिले आणि डावा डोळा गेला. लग्नात आईनं पदर नाकापर्यंत ओढून बसवलं. नवऱ्यानं तोंड दुसऱ्या दिवशी बघितलं. लगेच उठून बैलांना पाणी पाजायला गेला. बैल नुकतेच पाणी पिऊन आले होते. मला चार पोरं झाली, दोन राहिली. विहीर आटली त्या वर्षी मी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला, तोही पदर ओढून. दीर म्हणाला, "वैनी, कापूसले काय लाजतस तुम्ही?" मी म्हटलं, सवय आहे. थोड्या दिवसांनी तो म्हणाला, "तुम्हनी गोष्ट लिखू का?"

मी विचारलं, "शेवटले देव तिले डोळा परत देस, असंच ना?"

"नही. डोळा गया तो गया."

"मंग तिनं काय व्हई?"

"लगीन व्हई."

त्या गोष्टीतला माणूस नेहमी त्या बाईच्या डाव्या बाजूला बसतो. म्हणजे त्याला बघायचं तर तिला मान पूर्ण वळवावी लागते. कोपऱ्यातली नजर त्याला नको असते, आख्खं तोंड पाहिजे असतं. दिरानं ही ओट्यावर वाचून दाखवली तेव्हाही माझा नवरा खाटेवर पाठ करून पडला होता. दुसऱ्या दिवसापासून तो जेवताना माझ्या डाव्या बाजूला बसायला लागला. मला तिकडचं दिसत नाही, त्यामुळं आमटी कधी ताटात पडायची, कधी त्याच्या मांडीवर. तो जागचा हलला नाही. त्या अखाजीला झोक्यावर बसताना मी पदर कानामागं खोचला. बाकीच्या बायांनी बघितलं आणि गाणं चालू ठेवलं.

ही गोष्ट त्यानं पुण्याच्या एका मासिकाला पाठवली. त्यांनी कळवलं, गोष्ट बरी आहे, पण खेडवळ बोली काढा, वण काढा, आणि नायिका जरा सुंदर करा. दिरानं उलट कार्ड टाकलं की मी गोष्टी लिहितो, भांड्यांना कल्हई करत नाही. पुण्याहून पुढं काही आलं नाही. आमचा कल्हईवाला मात्र भांडायला आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की हा तुझ्या धंद्याला नावं ठेवतो. दिरानं त्याला बसवून घेतलं आणि विचारलं, तुझं लग्न कसं झालं. कल्हईवाला संध्याकाळपर्यंत बसला. त्याचीही गोष्ट झाली.

प्रत्येक गोष्टीच्या शेवटी नायिका उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायची. ते झाल्याशिवाय गोष्ट संपत नाही, असं त्याचं म्हणणं. बायको नवऱ्याचं नाव जन्मभर गिळून बसते, चारचौघांत घ्यायची सोय ती एवढीच.

तर त्या दुपारी जिजी म्हणाली, "आज हा का ना, बोली टाक. मी म्हातारी व्हई गऊ."

दीर म्हणाला, "जिजी, पहिले एक गोष्ट ऐक. मंग तू सांगशी ते करसू."

वाचायला लागला. गोष्ट लहानच होती. तापीच्या काठी एक नालबंद असतो. आणि एक जण असतो ज्याला कुठलंच काम धड येत नाही. त्याला एवढंच येतं की नाल ठोकताना तो जनावराचं तोंड धरून गप्प उभा राहतो आणि जनावर हलत नाही. असा तो दर वेळी जाऊन उभा राहतो. मग जनावर नसलं तरी जाऊन उभा राहतो. शेवटी दोघं एक घर करतात. दोघांनाही नाव नव्हतं, एक आणि दुसरा एवढंच.

शेवंतानं विचारलं, "मंग नवरी कोन?"

"नवरी कोनी नही."

जिजी म्हणाली, "नवरी नही ते भाकरी कोन टाकस?"

"दोन्ही जन टाकतस."

"रोज?"

"पाळीपाळीनी."

जिजीनं लिंबाखालच्या खाटेकडं बघितलं. तिच्या लेकानं जन्मात भाकरी टाकली नव्हती. "चांगली गोष्ट शे," ती म्हणाली.

शेवंताला थट्टेची भारी हौस. ती म्हणाली, "पन आज कोनी नाव नही लिधं. नवरी नही ते मंग तूच ले नाव. ले ना भाऊ, लाजस का?"

ती हसत होती. मीही हसत होते. त्यानं कागद घडी करून मांडीखाली ठेवला, नवरीसारखी मान खाली घातली नाही, सरळ जिजीकडं बघितलं आणि म्हणाला,

"तापीना काठले घोडास्नी रांग,
उत्तमनं नाव लेस, आते कोनले सांगानं ते सांग."

उत्तम म्हणजे सारंगखेड्याचा नालबंद. आमच्या बैलांच्या खुरांना पत्र्या मारायला वर्षातून दोनदा यायचा. शेवंताचं हसू तोंडातच राहिलं. शेंगा फोडायचा आवाज थांबला. खाट एकदा करकरली. दिराच्या कपाळावर घाम होता, पण मान तशीच होती.

जिजी म्हणाली, "तोच का, आपला बैलास्ले पत्र्या मारस तो?"

"हा."

"त्याना हात चांगला शे. बैल कधी लंगडना नही." मग तिनं सूप जवळ ओढलं. "म्हसावदनी पोरना गळा कसाले कापानं मंग. फोडा वं शेंगा."

आम्ही फोडायला लागलो.

संध्याकाळी पोरीचा बाप आला. जिजीनं सांगितलं, जमणार नाही. तो म्हणाला, पोरीत काही खोट आहे का. जिजी म्हणाली, पोर सोनं आहे, पण मुलाचं आधीच दुसरीकडं ठरलं आहे. त्यानं विचारलं, कुठं. "सारंगखेडाले." माणसं कशी आहेत. "घोडावाला शेत." बाप म्हणाला, चांगलं आहे, चहा प्याला आणि गेला.

माझा नवरा सबंध पावसाळा त्याच्याशी बोलला नाही, त्याच्या पंगतीला बसला नाही. गावात कळायचं ते कळलं. रिकामटेकडी पोरं त्याच्या मागं घोड्यासारखी खिंकाळायची. तो थांबून त्यांना विचारायचा, तुमची गोष्ट लिहू का. ती पळायची. जिजीच्या पाया पडून तो पावसाळा संपल्यावर सारंगखेड्याला गेला तो तिकडचाच झाला. दत्ताच्या जत्रेला मी दर वर्षी त्यांच्या घरी जायची. भाकरी खरोखरच पाळीपाळीनं टाकायचे. दिराच्या भाकरीला एक बाजू कच्ची असायची. उत्तम ती गप्प खायचा. उत्तम एकूणच गप्प. मी एकदा विचारलं, गोष्ट वाचली का. तो म्हणाला, "माले वाचता नही येस. त्यानी माले बठ्ठी गोष्ट सांगेल शे." आणि कानापर्यंत लाल झाला.

पुढं शहाद्याच्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्यानं सगळ्या गोष्टींचं पातळ पुस्तक काढायला घेतलं, पिवळ्या कव्हराचं. तेवढ्यासाठी माझा नवरा आपणहून सारंगखेड्याला गेला. म्हणाला, काय छापायचं ते छाप, घराण्याचं नाव त्यावर नको. ज्यानं पावरा पोरीचं, गिरणीवालीचं, माझं, सगळ्यांचं आहे तसं छापलं त्यानं स्वतःच्या नावाची जागा कोरी सोडली. पुस्तक छापून झालं तेव्हा नवऱ्यानं जाऊन कव्हर मागून पुढून तपासलं आणि समाधानानं परत आला. आत त्यानं बघितलं नाही. आत, दोघांच्या गोष्टीच्या शेवटी, दिरानं तो उखाणा घातला होता. उत्तमचं नाव ठळक अक्षरात. मला माहीत होतं. नवऱ्यानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

दीर फार जगला नाही. ताप आला, उतरला, पुन्हा आला. दहाव्याला उत्तमला कुठं बसवायचं कुणाला कळेना. नात्यातले एकीकडं, गावातले एकीकडं, तो मध्ये उभा, हातात काही नाही. माझा नवरा सतरंजीवर जरा सरकला आणि बाजूला हात ठेवला. उत्तम तिथं बसला.

आता त्यातलं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. दिराचं नाव मी लिहिलेलं नाही, कारण नवऱ्यानं जाताना माझ्याकडून तेवढा शब्द घेतला. माझं पुस्तक शेवंताच्या सुनेनं वाचायला नेलं, तिच्याकडून ते पुढं कुठं गेलं तिलाही माहीत नाही. मोठं अक्षर मी अजून काढते, छापलेलं बारीक आता दिसत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडं ते पिवळं पुस्तक असेल तर लोणखेड्याला, आमच्या घरी, घेऊन या. ठेवून घेणार नाही. सगळ्या गोष्टी वाचायला वेळ नसेल तर ती दोघांची एवढीच वाचून दाखवा. घरात माणसं असतील, दार उघडं असेल. उत्तमचं नाव येईल तिथं आवाज खाली करू नका.