डहाळी आणि झाडू

जर्मनीत स्टुटगार्टला आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त आजोबा राहायचे. टीव्हीवर प्राचीन जपानचे खास कार्यक्रम लागले की हाक यायची, "चला, हेर इंजिनिअर, या लवकर! राजवाड्यातली प्रेमप्रकरणं सुरू झाली." हेर म्हणजे त्यांच्याकडचं 'श्रीयुत'. आमच्या घराण्यातला पहिला इंजिनिअर मी, त्यामुळे त्या हाकेला मी हमखास भुलायचो.

पडद्यावरचा सरदार फुलांच्या डहाळीला कविता बांधून प्रेयसीला पाठवायचा आणि आजोबा डोळे पुसत म्हणायचे, "काय धाडस!" स्वतः मात्र समोरच्या घरातल्या विधवा बाईंशी फक्त हवेबद्दल बोलायचे.

"तुम्हीही पाठवा की," मी एकदा चिडवलं.

"मला कविता येत नाही. झाडता येतं."

जिना झाडायची तिथे आठवड्यागणिक एकेका घराची पाळी असे. बाईंच्या पाळीत एका शनिवारी आजोबांनी सकाळीच जिना लख्ख झाडून ठेवला. मी खाली उतरतोय तर बाई कडाडत होत्या, "म्हणजे माझं झाडणं तुम्हाला चालत नाही?" तिकडच्या बाईला याहून मोठा अपमान नाही. आजोबा लालबुंद झाले. शेवटी पाठीमागे लपवलेली चेरीच्या फुलांची डहाळी त्यांनी पुढे केली. बाईंनी ती घेतली आणि दार लावलं.

आजोबांचा चेहरा बघवेना. तेवढ्यात दार उघडलं.

"पाकळ्या सांडल्यात तुमच्या. त्या झाडा, तोवर कॉफी होते."

हेर इंजिनिअरना मात्र कुणी बोलावलं नाही.