ग्रीककाकांचं क्रियापद

दुसऱ्याचं दुःख ऐकलं की लोक छातीवर हात ठेवतात. आमचे ग्रीककाका पोट धरायचे. इथे आखातात, अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन आलेल्याला वाटायचं, यांना अ‍ॅसिडिटी आहे. मीसुद्धा पहिल्या भेटीत त्यांना ओवा दिला होता.

काका नगरचे मराठी ख्रिस्ती, बांधकाम कंपनीत इंजिनिअर. काकू नगरला, हे आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे. बायबल मुळातून वाचायचं म्हणून ग्रीक शिकले, आणि त्यातलं एक क्रियापद डोक्यात जाऊन बसलं, स्प्लांख्निझोमाय. येशूला कुणाचा कळवळा आला, असं जिथे येतं तिथे बहुतेक हेच. "मूळ शब्द आतड्यांचा आहे गं. म्हणजे आपलं आतडं तुटणं! इंग्रजीवाल्यांना समजवायला दोन पानं लागतात." माझ्या लेकीनं विचारलं, "अंकल, इज इट अ डायनोसॉर?" झालं! असं काही व्याख्यान रंगलं की माझी पोळी करपली.

त्यांचा हेका एकच. "हे क्रियापद आलं की पुढे कुणीतरी उठतं, काहीतरी करतं. कळवळून सोफ्यावर बसून राहिलेला एक माणूस दाखव मला!"

मग माझ्या नवऱ्याची, समीरची, नोकरी गेली. व्हिसाची मुदत संपायच्या आत दुसरी मिळाली नाही तर चंबूगबाळं आवरून पुण्याला. लोक "इन्शाल्ला, होईल सगळं" म्हणत चहा पिऊन गेले. काकांनी पोट धरलं, सीव्ही मागितला आणि चपला घातल्या. पुढे काय सांगू! किराणा दुकानात, पार्किंगमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या, काका सीव्ही वाटत सुटले. लिफ्टमध्ये एका अनोळखी सुटाबुटातल्या माणसाला अडवून म्हणाले, "हबीबी, बहुत अच्छा लडका है." शेजारी उभा समीर लाजेनं अर्धमेला. मी म्हटलं, "अहो काका, नोकरी बघताय की स्थळ?"

आणि त्या लिफ्टवाल्याच्याच कंपनीत समीर इंजिनिअर म्हणून लागला. घ्या!

पेढे घेऊन काकांकडे गेले, तर दारातच बांधलेली खोकी. कंपनी त्यांनाही नोकरीवरून काढून त्याच महिन्यात घरी पाठवत होती. सीव्ही वाटत हिंडत होते तेव्हाच त्यांना हे ठाऊक होतं, आणि आम्हाला पत्ता नाही! मला असा राग आला. "त्या लिफ्टमध्ये स्वतःसाठी का नाही बोललात? तुम्हीही इंजिनिअरच ना?"

काकांनी पेढा तोंडात टाकला. "पोरी, स्वतःसाठी आतडं तुटत नाही. नुसतं पोट दुखतं."

मी तिथेच एका खोक्यावर बसले आणि ढसाढसा रडले.