परत फिरवलेली सिस्टिम आणि पाण्याच्या खुणा

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्येच आम्ही भाड्याची घरं बदलत राहिलो. दर वेळी आईचा नियम एकच असायचा: देव आणि कागदपत्रं हातात धरून न्यायची, बाकी सगळं टेम्पोत. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून देणाऱ्या सीनियर मुलीने डिस्कची रचना समजावली, तेव्हा मला आईचा हा नियमच आठवला. एकाच डिस्कवर तिने दोन कप्पे केले होते. एकात सगळी सिस्टिम, दुसऱ्यात 'होम', म्हणजे माझ्या फाइली. सिस्टिमच्या कप्प्याचे अधूनमधून स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळच्या जशाच्या तशा प्रती, निघायचे. काही बिघडलं तर मशीन सुरू होताना यादीतला एखादा जुना स्नॅपशॉट निवडायचा. सिस्टिम तेवढी मागे जाते, होम जागच्या जागी राहतं. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, हाही तिने मुद्दाम सिस्टिमच्याच कप्प्यात ठेवला होता. नाहीतर सिस्टिम जुनी, कर्नल नवा, आणि दोघांचं पटत नाही.

मी मान डोलावली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. न कळलेलं विचारायला मला अजून जड जातं. पण हे तर मला कळलं होतं, असं वाटलं.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मी आणि अड्यारची माझी मैत्रीण मिळून करत होतो. पावसात कोणत्या गल्लीत किती पाणी चढतं, त्याचा नकाशा. ती घरोघर जाऊन भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा टेपने मोजायची, चिठ्ठ्यांवर टिपायची, कॉलेजात येऊन माझ्या लॅपटॉपवरच्या डेटाबेसमध्ये भरायची आणि चिठ्ठ्या फाडून टाकायची. गाइड मॅडमनी बॅकअपचं विचारलं होतं. स्नॅपशॉट आहेत, असं मीच सांगितलं होतं.

पोंगल झाला, रिव्ह्यू दोन दिवसांवर आला, आणि अपडेटनंतर लॅपटॉप काळ्या पडद्यावर अडकला. यादी समोर आली. कालचा स्नॅपशॉटही बिघडलेला निघाला तर, या भीतीने मी सगळ्यात जुना, दिवाळीआधीचा निवडला आणि सिस्टिम त्यावर परत नेली. मशीन सुरू झालं. होममध्ये सगळ्या फाइली होत्या. बाबा रेल्वेच्या ताम्बरम शेडमध्ये ड्यूटीवर निघाले होते. चपला घालताना म्हणाले, "काय बाईसाहेब, सुटली का गाडी?"

"सुटली," मी म्हणाले.

मग डिस्क भरत आल्याची सूचना आली. बिघडलेली सिस्टिम परत नेताना वेगळ्या नावाने बाजूला राहिली होती, जागा तीच अडवत होती. ती पुसण्याची आज्ञा मी टाइप केली. एवढ्यात मैत्रिणीचा मेसेज आला: स्लाइडसाठी एका गल्लीचं चित्र पाठव. मी नकाशा उघडला. त्यात एकही खूण नव्हती.

डेटाबेस आपली माहिती होममध्ये ठेवत नाही. ती 'व्हार' नावाच्या फोल्डरमध्ये असते, आणि तो सिस्टिमच्या कप्प्यातच होता. सिस्टिमबरोबर तीही दिवाळीआधी गेली होती, एकही खूण भरलेली नव्हती तेव्हापर्यंत मागे. तिला तिसरा कप्पा हवा होता. कागदपत्रं हातात आहेत असं समजून मी ती टेम्पोत टाकली होती.

मी फोन केला. ती म्हणाली, "पोंगलला सगळ्यांनी भिंती रंगवल्यात गं. खुणा कुठे आहेत आता?"

"बाजूला ठेवलेली सिस्टिम अजून पुसलेली नाही. त्यात असेल."

"असेल की आहे?"

मी तिला घरी बोलावलं. ती बसने आली. आईने दोघींसमोर कॉफी ठेवली, ती तशीच निवत राहिली. पडद्यावर ती आज्ञा होती तशीच होती, फक्त एन्टर दाबायचं राहिलेली. मैत्रिणीने ती वाचली, माझ्याकडे बघितलं. मी एकेक अक्षर खोडलं.

बाजूला राहिलेली सिस्टिम मी एका रिकाम्या फोल्डरला जोडली, डेटाबेस बंद केला, तिच्यातली माहिती चालू सिस्टिमवर आणली आणि डेटाबेस पुन्हा सुरू केला. नकाशा रिकामाच दिसला. मग गल्ल्यांवर निळे ठिपके येऊ लागले. ती पुढे वाकून बघत होती. खिडकीपर्यंत पाणी चढलेलं एका आजोबांचं घर तिने शोधलं. ते होतं.

तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. "एक प्रत माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर मला काही बोलता तरी आलं असतं. प्रत होईपर्यंत आम्ही दोघी पडद्याकडेच बघत बसलो.

रिव्ह्यूमध्ये मॅडमनी बॅकअपचं पुन्हा विचारलं. माझ्या तोंडाशी जुनंच उत्तर आलं होतं.

"हिच्याकडे आहे, मॅम," मी म्हणाले. मैत्रीण पुढची स्लाइड उघडत होती. तिने वर बघितलं नाही.