तक्रारीला जोडलेली बावीस पानं

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या तक्रार अर्जाची जाडी अजून हाताला आठवते.

भिलाईच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. परजीवीशास्त्राचे एक नामांकित प्राध्यापक समोर येऊन बसले. माणसाच्या आतड्यातल्या जंतांवर त्यांचं संशोधन. तक्रार चोरीची: त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या मुलीने प्रयोगशाळेतून स्लाइडचा डबा पळवला. अर्ज एका पानाचा, पण मागे बावीस पानं टाचलेली. त्यांच्या शोधनिबंधांची यादी, आणि प्रत्येकापुढे त्याचा आधार इतर किती संशोधकांनी घेतला त्याचा आकडा.

"हे कशाला?" मी विचारलं.

"मी कोण आहे ते तुम्हाला कळावं म्हणून."

सायकल चोरीला गेलेला माणूस सायकलचा रंग सांगतो. हा माणूस स्वतःचा सांगत होता. मला तिथेच खटकलं.

तरीही मी आधी मुलीलाच धरलं. रुआबांधा सेक्टरमध्ये तिचं घर, वडील पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमधून रिटायर झालेले. महिला शिपायाने विचारताच तिने पलंगाखालून डबा काढून दिला. पंचांसमोर आम्ही तो ताब्यात घेतला. वरकरणी सरळ प्रकरण. एफआयआर झाली असती तर तिची पीएच.डी. तिथेच संपली असती. हे तिला ठाऊक होतं, आणि प्राध्यापकांनाही.

"नेला ना डबा?" ठाण्यात मी विचारलं.

"नेला. माह्या हातच्या स्लाइड आहेत, साहेब. पेपर त्यायच्या नावानं छापून आला, माहं नाव नाही. मंग मी कावून ठेवू तिथं?"

"सगळे असंच म्हणतात."

"मंग सगळ्यायले विचारा ना, लोकायच्या घरून संडासचे नमुने कोणी आणले ते! तवा त्या डब्ब्यायले कोणी हात लावत नव्हतं."

महिला शिपाई तोंडावर हात ठेवून हसली. मी जबाब लिहून घेतला. विश्वास ठेवला नाही.

दुपारी ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही, पण मागे काचेची भांडी धुतल्याचा आवाज येत होता. "साहब, वो कुरुद वाला पेपर देख लो. कुरुद कोई गया ही नहीं." फोन बंद.

यादीत तो निबंध सर्वांत वर होता, कारण त्याचाच आधार सर्वांत जास्त जणांनी घेतला होता. मी त्याची प्रत मागवली. कुरुद वस्तीत घरोघरी जाऊन नमुने गोळा केले, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

मी कुरुदला गेलो. हातपंपावर एका आजीला विचारलं, मागच्या वर्षा-दोन वर्षांत कोणी संडासचा नमुना मागायला आलं होतं का?

"अगं बाई! पोलिसायले आता हेही लागते काय?"

सगळा हातपंप हसला. शेजारी बादली भरणारा माणूस म्हणाला, "साहेब, मत मागायले येते त्याले आम्ही विसरतो. हे मागणाऱ्याले कसं विसरू?"

अंगणवाडीत, पानठेल्यावर हेच उत्तर. रुआबांध्यात मात्र प्रश्न पुरा व्हायच्या आत एक बाई म्हणाली, "डब्बीवाली पोरगी न? दोनदा हाकललं मी तिले. तिसऱ्यांदा लाजेनं दिला."

ठाण्यात येऊन मी डबा उघडला. प्रत्येक स्लाइडच्या कडेला दोन बारीक आकडे कोरलेले; पहिल्या स्लाइडवर आधी सात, मग बारा. भिलाईत कारखान्याच्या सेक्टर वसाहतीत वाढलेल्या कोणालाही ते वाचता येतात. सडक सात, क्वार्टर बारा. कुरुदच्या निबंधात स्लाइडच्या ट्रेचा फोटो होता. भिंगाखाली धरला. तेच आकडे.

प्राध्यापकांना बोलावलं.

"हे आकडे कसले, सर?"

"नमुन्यांचे क्रमांक."

"कुरुदमध्ये सडक सात कुठे येते?"

त्यांनी फोटो जवळ ओढून पाहिला. एकाही दारात ते स्वतः उभे राहिले नव्हते, म्हणून पत्ता त्यांना क्रमांक वाटला होता. यादीप्रमाणे रुआबांध्याच्या नमुन्यांवर त्यांचा एक निबंध आधीच निघाला होता. त्याच स्लाइडवर दुसरा काढायचा, तर दुसरं गाव हवं होतं.

"गाव बदलल्याने जंत बदलत नाहीत," ते शेवटी म्हणाले. "एवढ्या कामात एका गावाच्या नावाचं काय घेऊन बसलात?"

"मग यादीतल्या बाकीच्या गावांतही जाऊन विचारू?"

त्यांनी पेन मागितलं आणि तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं.

मी चौकशी अहवाल संस्थेकडे पाठवला. समिती बसली, कुरुदचा निबंध मागे घेतला गेला. रुआबांध्याचा आजही त्यांच्याच नावावर आहे, लोक आजही त्याचा आधार घेतात. ते माझ्या हद्दीबाहेरचं होतं. मुलीने मार्गदर्शक बदलून पीएच.डी. पुरी केली.

या प्रकरणात मी प्राध्यापकांना चहा पाजला आणि मुलीच्या घरी पंच घेऊन गेलो. कागद जाड होता म्हणून. त्यानंतर कोणी आपला मोठेपणा टेबलावर ठेवला, की मी आधी विचारू लागलो: या कामासाठी उन्हात कोण फिरलं? त्याला बोलवा. हा प्रश्न विद्यापीठांनी विचारायचा असतो. ती विचारत नाहीत, म्हणून तो ठाण्यात येतो.

डबा मुलीला परत देताना पावती केली. सही करायला पेन हातात घेऊन ती थांबली.

"साहेब, 'स्लाइड तयार करणारी' असं माह्या नावापुढं लिहाल काय?"

पावतीत तसा रकाना नव्हता. मी समासात लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला. तिने त्याची झेरॉक्स मागितली.