चिंचणीच्या मावशीचे उपचार

मला द्यायचं कुठलंही औषध मावशी आधी स्वतः घ्यायची. एकदा कसल्याशा पाल्याचा काढा पेलाभर प्यायली आणि दिवसभर परसाकडे फेऱ्या मारत राहिली. संध्याकाळी भिंत धरत माझ्या खोलीत आली. "पोरा, ह्यो नको. ह्यात ताकद जास्त हाय."

मी मूळचा साताऱ्याचा. नव्वदच्या सुमारास बोईसरच्या एका कारखान्यात लागलो आणि चिंचणीत मावशीच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. ती सुकी मासळी विकायची. पुढे मला क्षय झाला, रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. डॉक्टरांनी क्षयाच्या गोळ्या दिल्या; दुसऱ्या रोगावर काही नाही म्हणाले. कारखान्यातल्या सोबत्यांनी माझ्याबरोबर डबा खाणं सोडलं. मी मावशीला सगळं सांगितलं, खोली सोडतो म्हणालो.

ती बोंबील निवडत होती. "दवा काय त्याच्यावर?"

"दवा नाही, मावशी."

"नाय कशी? कोनी नीट शोधली नसंल."

मग तीच शोधू लागली. बाजारात गिऱ्हाइकांना औषध विचारायची. माझं नाव नको म्हणून आजार स्वतःचाच सांगायची. बातमी वाणगावला पोचली आणि तिची बहीण रडत आली. मावशीने तिलाही काढा पाजला.

संध्याकाळी ती काशाच्या वाटीने माझे तळपाय घासायची. रोग हलला नाही, पण झोप लागायची. तेव्हा मला हात लावणारं दुसरं कोणी नव्हतं.

एकदा तिने मला सफाळ्याजवळच्या एका बाबाकडे नेलं. त्याने भुकटीची पुडी दिली आणि बजावलं, "दवाखान्याच्या गोळ्या आजपासून बंद." गोळ्यांनी मी जेरीस आलो होतो; लगेच मान डोलावली. मावशीने पुडी उघडली.

"बाबा, अर्दी तुमी खावा, अर्दी मी."

"मी कशाला? विश्वास नाही तर आलीस कशाला?"

"इश्वास हाय, म्हनून तर पयली तुमाला देते."

बाबाला एकाएकी पूजा आठवली. तो आत गेला तो बाहेर आलाच नाही. परतताना मावशी म्हणाली, "पाला चाव, काढा पी. पन डागदराची गोळी सोडलीस तर तुला घरात ठेवनार नाय."

क्षय बरा झाला. दुसरा रोग अंगात राहिला, तरी मी कामावर परतलो. काही वर्षांनी मावशीच झोपेत गेली. अंगणात सगळी आळी जमली होती. मी कुंपणापाशी उभा होतो. तिच्या थोरल्या मुलाने तिरडीजवळून हाक मारली, "लांब काय उभा? आईला खांदा कोन देनार?"

मी पुढे झालो.